बालसंरक्षणाचे आकडे : आपल्या जिल्ह्याचे कसे मिळवावेत, कसे वाचावेत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या २०२२च्या अहवालात बालकांवरील गुन्ह्यांत महाराष्ट्र देशात पहिला होता : २०,७६२ गुन्हे. २०२३च्या अहवालात मध्य प्रदेश २२,३९३ आणि महाराष्ट्र २२,३९०. तीन गुन्ह्यांनी आपला नंबर खाली आला. यात हायसं वाटायचं की आपले गुन्हे सोळाशेने वाढले म्हणून घाबरायचं? खरं तर दोन्हीची घाई नको. हा आकडा पोलीस ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यांचा आहे. संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे किती मुलांना आणलं, त्यांचं पुढे काय झालं, किती घरांना महिन्याचं अनुदान मिळालं, हे त्यात कुठेच नाही. ते वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या रजिस्टरांत पडून असतं. गोळा करता येतं, पण थोडी चिकाटी लागते.

गावातली बालसंरक्षण समिती, शाळा व्यवस्थापन समिती, स्थानिक पत्रकार, एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याचे विद्यार्थी, असं कुणीही हे काम करू शकतं. एक वही, एक एक्सेलची फाइल आणि कोर्ट फी स्टॅम्पपुरते पैसे एवढंच भांडवल.

पायरी १ : आकडा कुठल्या दारात मोजला ते ठरवा

एकच मूल चार दारांतून जातं आणि प्रत्येक दारात वेगळं मोजलं जातं. पहिलं दार १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचं. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून ती सुरू झाली. २०२३पासून ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. इथे कॉल मोजले जातात. त्यात नुसते शांत राहिलेले कॉल असतात, चुकून लागलेले असतात, गंमत म्हणून केलेलेही असतात. म्हणून ‘आलेले कॉल’ आणि ‘प्रत्यक्ष मदत केलेली प्रकरणं’ हे दोन रकाने पहिल्याच दिवशी वेगळे करा.

दुसरं दार पोलीस ठाण्याचं. इथे एफआयआर मोजतात, मुलं नव्हे. तिसरं बालकल्याण समितीचं, ज्याला सगळे सीडब्ल्यूसी म्हणतात : एक अध्यक्ष आणि चार सदस्य. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करायचं, असं २०१५चा बालन्याय कायदा सांगतो. इथे प्रकरणं मोजतात. चौथं दार मदतीचं : बालगृह, बालसंगोपन योजना आणि प्रायोजकत्व (या दोन्हींत मुलासाठी महिन्याला अनुदान मिळतं), दत्तकविधान. इथे लाभार्थी मोजतात.

कॉल, एफआयआर, प्रकरण, लाभार्थी. या चारांची बेरीज कधीही करू नका. मी सुरुवातीला केली होती. तक्ता छान दिसत होता, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. मुलांच्या घरची चौकशी करणाऱ्या एका परिविक्षा अधिकारी बाईंनी तो पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, या हिशोबाने आमच्याकडे एका मुलाची चार मुलं झाली की!”

पायरी २ : घरबसल्या मिळतं ते आधी उतरवून घ्या

एनसीआरबीच्या ‘क्राइम इन इंडिया’ अहवालात बालकांवरील गुन्ह्यांचं स्वतंत्र प्रकरण असतं. राज्यांचे तक्ते आणि मुंबई, पुणे, नागपूर या महानगरांचे तक्ते त्यात मिळतात. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचा वार्षिक अहवालही शोधा. योजनांसाठी राज्याची आर्थिक पाहणी बघा. ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते आणि मराठीत असते. संसदेतले अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे प्रश्न ही तर खाणच आहे. महिला व बालविकास मंत्रालयाच्या उत्तराला जोडलेल्या परिशिष्टात राज्यनिहाय तक्ते असतात आणि ते लोकसभा-राज्यसभेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फाइल उतरवलीत की नावातच वर्ष आणि उतरवल्याची तारीख घाला, कारण सरकारी संकेतस्थळावरचा दुवा पुढच्या वर्षी त्याच जागी सापडेल याचा भरवसा धरू नये.

वर्ष कुठलं हेही तिथल्या तिथे लिहा. एनसीआरबीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, योजनांचं एप्रिल ते मार्च. दोन्ही शेजारी ठेवून टक्केवारी काढली की गल्लत झालीच.

पायरी ३ : गुन्ह्यांचे आकडे उलगडून वाचा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

२०२३मध्ये देशात बालकांवरील १,७७,३३५ गुन्हे नोंदले गेले. त्यांतले ७९,८८४, म्हणजे ४५ टक्के, अपहरणाचे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच मुलं पळवणारी टोळी येते. पण मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी व्यापाराची शक्यता धरून एफआयआर नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये दिला. त्यामुळे रागावून मामाकडे गेलेला पोरगा आणि मित्राबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी यांचीही नोंद त्याच रकान्यात होते, खऱ्या अपहरणाच्या शेजारी. आदेश योग्यच आहे, पूर्वी ‘येईल परत’ म्हणून तक्रारच घेतली जात नसे. पण रकाना वाचताना हे माहीत हवं.

दुसरी गोष्ट ‘मुख्य गुन्हा’ या नियमाची. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर एनसीआरबी त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजते. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनात जातो. पीडितांचा रकाना वेगळा असतो, तोही बघत जा.

तिसरी, कमी झालेला आकडा. २०१९मध्ये १,४८,१८५ गुन्हे होते, २०२०मध्ये १,२८,५३१ आणि २०२१मध्ये पुन्हा १,४९,४०४. २०२०मध्ये मुलं अधिक सुरक्षित होती असं कुणी म्हणेल का? शाळा बंद, अंगणवाड्या बंद. अंगावरचा वळ ज्या बाईंना दिसला असता त्या मोबाइलच्या पडद्यापलीकडे होत्या. नोंद वाढली म्हणजे अत्याचारच वाढले असं नाही, आणि घटली म्हणजे थांबले असंही नाही.

आता दर. अहवालात एक लाख मुलांमागे गुन्ह्यांचा दर दिलेला असतो : २०२१ला ३३.६, २०२२ला ३६.६, २०२३ला ३९.९. कॅल्क्युलेटर घ्या आणि भागाकार उलटा करा. १,४९,४०४ला ३३.६ने भागा, १,६२,४४९ला ३६.६ने, १,७७,३३५ला ३९.९ने. तिन्ही वेळा उत्तर साधारण ४,४३८ ते ४,४४७ लाखांच्या आसपास येतं. म्हणजे तीन वर्षांत छेद, म्हणजे धरलेली मुलांची संख्या, जवळजवळ हललेलाच नाही. देशाची शेवटची जनगणना २०११ची, त्यामुळे मुलांची खरी संख्या आज किती हे कुणालाच नीट ठाऊक नाही. दशांशातल्या फरकावरून दोन जिल्ह्यांची शर्यत लावू नका. राज्यांची तुलना मात्र दरावरच करा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती आणि मध्य प्रदेशची ७.२६ कोटी. सुरुवातीच्या त्या ‘तीन गुन्ह्यांनी पहिला’ला किती अर्थ आहे ते यावरून कळतं.

पायरी ४ : जिल्ह्याची हद्द तपासा

महसुली जिल्हा आणि पोलिसांचा ‘जिल्हा’ एक नसतो. पुणे जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण हे तिन्ही घटक धरावे लागतात, लोहमार्ग पोलीस वेगळेच. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ला झालं, मीरा-भाईंदर, वसई-विरार २०२०ला. या वर्षांच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले तर जुन्या घटकाची घट ही नुसती रेघ सरकल्याची घट असू शकते. बालकल्याण समिती मात्र महसुली जिल्ह्याप्रमाणे असते.

रेल्वेचा तर निराळाच घोळ. समजा बिहारमधून निघालेला मुलगा मनमाड स्टेशनवर सापडला. तो नाशिकच्या समितीपुढे येतो, तिथे त्याचं प्रकरण उघडतं. घरचा पत्ता लागला की त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवतात, तिथेही प्रकरण उघडतं. मूल एक, प्रकरणं दोन, आणि नाशिकच्या मुलांशी दोन्हींचा संबंध नाही. मोठं जंक्शन असलेल्या जिल्ह्याचा आकडा फुगलेला दिसला तर ‘जिल्ह्यातली मुलं’ आणि ‘जिल्ह्यात सापडलेली मुलं’ अशी फोड मागा.

पायरी ५ : समितीची माहिती माहिती अधिकारात मागा

जिल्ह्याचे समितीनिहाय आकडे सहसा कुठे छापून येत नाहीत. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्जाची भाषा महत्त्वाची. “जिल्ह्यात किती मुलांवर अत्याचार झाले?” असं विचारलंत तर “माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही” असं एका ओळीचं उत्तर येईल. मला आलं होतं, तेही अठ्ठाविसाव्या दिवशी. अस्तित्वात असलेल्या कागदाची प्रत मागायची. बालन्याय कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार समितीने जिल्हाधिकाऱ्यांना अहवाल द्यायचा असतो आणि जिल्हाधिकाऱ्यांनी दर तिमाहीला कामाचा आढावा घ्यायचा असतो. म्हणून असं लिहा :

“१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत बालकल्याण समितीने मा. जिल्हाधिकारी यांना सादर केलेल्या अहवालांच्या व तिमाही आढावा बैठकांच्या इतिवृत्तांच्या छायांकित प्रती मिळाव्यात. बालकांची नावे, पत्ते व ओळख पटेल असा मजकूर वगळून माहिती द्यावी.”

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर ‘गोपनीय’ म्हणून अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

अहवाल हाती आला की पाच आकडे शोधा : कालावधीच्या सुरुवातीला प्रलंबित, नव्याने दाखल, निकाली, अखेरीस प्रलंबित, आणि चार महिन्यांहून जुनी प्रकरणं. समितीने चौकशी चार महिन्यांत संपवावी असं कायदा सांगतो, म्हणून हा पाचवा आकडा सगळ्यात बोलका. पहिले चार जुळतात का ते तपासा. सुरुवातीला १४०, नवी ९०, निकाली ८०, तर अखेरीस १५० हवीत. १३५ लिहिली असतील तर मधली १५ कुठे गेली ते नम्रपणे विचारा. बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग झालेली असतात.

पायरी ६ : मदत खरंच पोचली का ते पैशांवरून काढा

राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. हे अनुदान आधी ४२५ होतं, मग ११००, आणि २०२३मध्ये आजच्या रकमेवर आलं. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व महिन्याला ४,००० रुपयांचं. दोन्हींचे लाभार्थी वेगळे मोजा.

‘मंजूर लाभार्थी’ या शब्दावर विसंबू नका. वर्षभरात मुलांच्या अनुदानावर झालेला प्रत्यक्ष खर्च मागा. एका मुलाचे वर्षाचे २७,००० होतात. समजा खर्च ५४ लाख आहे, तर तो २०० मुलांच्या पूर्ण वर्षाचा झाला. अहवालात लाभार्थी ३५० लिहिले असतील तर सरासरी जेमतेम सात महिन्यांचेच पैसे पोचले. काही मुलं वर्षाच्या मध्ये आली असतील, काहींची मागची थकबाकी यात असेल, म्हणून लगेच आरोप करू नका. पण प्रश्न विचारायला एवढा भागाकार पुरतो. तालुक्याला हेलपाटे मारणाऱ्या एखाद्या विधवा आईला पासबुक दाखवायला सांगा, तुमचा हिशोब तिथे पडताळून मिळेल.

पायरी ७ : चारही दारं एका ओळीत मांडा

इंग्लंडचं शिक्षण खातं हे दरवर्षी करतं. तिथे समाजसेवा विभागाकडे वर्षाला सहा लाखांच्या वर संदर्भ येतात, म्हणजे शिक्षक, डॉक्टर, पोलीस किंवा शेजारी यांनी ‘या मुलाकडे बघा’ म्हणून कळवणं. त्यांतून पुढे ज्यांच्यासाठी संरक्षण आराखडा आखला जातो अशी मुलं ३१ मार्चला पन्नास हजारांच्या आसपास असतात. कुठल्या टप्प्यावर किती मुलं गळली ते एका तक्त्यात दिसतं. बारा महिन्यांत पुन्हा आलेले संदर्भही वेगळे दाखवतात, आणि ते पाचातला एक इतके असतात. एकदा मदत देऊन बंद केलेली फाइल पुन्हा उघडावी लागली, याची ती कबुलीच आहे. आपल्याकडे हे मोजायला कुणी मनाई केलेली नाही. जिल्ह्यापुरता तक्ता तुम्ही करा : कॉल, एफआयआर, समितीपुढील प्रकरणं, घरी परत, बालगृहात, अनुदान सुरू.

तक्ता छापण्याआधी एकदा लहान आकड्यांवरून नजर फिरवा. एखाद्या तालुक्यापुढे पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, ‘१’ असेल तर अख्ख्या बाजारपेठेला कळतं कुणाची मुलगी. मुलाची ओळख उघड करणं बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी पाचापेक्षा लहान आकडा तालुकावार कधीच देत नाही, जिल्ह्याच्या बेरजेत घालतो. आणि हे काम करताना एखादं मूल खरंच संकटात आहे असं समजलं तर वही बाजूला ठेवून १०९८ लावा. पॉक्सोचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे.

माझ्या फाइलमध्ये एक रकाना अजून कोरा आहे : घरी परत पाठवलेलं मूल वर्षभराने कुठे आहे, शाळेत की पुन्हा स्टेशनवर. पुढच्या अर्जात तेच मागतोय. कच्चा खर्डा १९० शब्दांचा झालाय, चाळीस शब्द कुठून कापावेत ते बघतोय.