ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार: नोंदवहीकडे दुर्लक्ष नको

ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेली ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार योजना १९६२ मध्ये भारतात आली आणि 'इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल' या नावाने ओळखली जाऊ लागली. १४ ते २४ वयोगटासाठी असलेल्या या योजनेत कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तीन स्तर आहेत. ही स्पर्धा नाही, त्यामुळे कोणाला मागे टाकायचे नसते. सेवा, कौशल्य आणि व्यायाम यांना दर आठवड्याला किमान एकेक तास नेमाने द्यायचा असतो. कांस्यला किमान सहा महिने लागतात, तर थेट सुवर्णपासून सुरुवात केल्यास दीड वर्ष.

उपक्रम निवडताना प्रमाणपत्रावर काय शोभेल याचा विचार करू नये. घरापासून चालत जाता येईल असेच सेवेचे ठिकाण निवडावे, कारण परीक्षेच्या दिवसांत लांबचे काम सर्वांत आधी सुटते.

खरी मेहनत नोंदवहीवर घ्यावी. समजा, शेजारच्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम घेतले आहे. 'आज एक तास वाचले, छान वाटले' ही नोंद वर्षभराने काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'अग्रलेख भरभर वाचला की आजोबांना कळत नाही. परिच्छेद संपल्यावर थांबायला हवे. पुढच्या रविवारी घरी एकदा मोठ्याने वाचून मगच जायचे.' या तीन ओळींत चूक आहे, तिचे कारण आहे आणि पुढचे पाऊलही आहे. नोंद त्याच रात्री करावी. महिनाअखेरीस एकदम भरलेली वही मूल्यांकन करणाऱ्यांना चटकन ओळखू येते, आणि त्याहून वाईट म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

सेवा, कौशल्य आणि व्यायाम यांच्या जोडीला गटाने करायचा साहसी प्रवासही योजनेत असतो. तो कांस्यसाठी दोन दिवस व एका रात्रीचा असतो, सुवर्णसाठी चार दिवस व तीन रात्रींचा. आधी सराव-प्रवास करावा लागतो. सह्याद्रीत जाणाऱ्या गटाने पाण्याच्या जागा, परतीची वाट आणि सामानाची वाटणी स्वतः ठरवावी. पालकांनी पिशवी भरून देण्याचा मोह आवरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुरस्कार मिळाल्यावर वही रद्दीत जाऊ देऊ नये. पुढे मुलाखतीत 'सेवा म्हणजे नेमके काय केलेत?' असे विचारले गेले, तर प्रमाणपत्रावर त्याचे उत्तर नसते; आजोबांच्या अग्रलेखाची ती नोंद मात्र वहीत सापडते.