डामाच्या फॉर्मवर सही घेण्याआधी

बालरोगाचं पदव्युत्तर शिक्षण मी ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात घेतलं. रुजू झाले त्या दिवशी ‘एथिक्स कमिटी’ची पाटी दिसली आणि बरं वाटलं, अडलं-नडलं तर विचारायला माणसं आहेत म्हणून. ती कमिटी संशोधनाचे प्रस्ताव तपासायची. औषधाच्या चाचण्या, आमचे प्रबंध, संमतीपत्रकं. रात्री दोन वाजता व्हेंटिलेटरवरच्या बाळाचं काय करायचं, हा तिचा विषयच नव्हता. रुग्णाच्या पेचात सल्ला देणारी वेगळी समिती आपल्याकडे मोजक्याच रुग्णालयांत असते. नव्यानं रुजू होणाऱ्या डॉक्टरांनो, तुमच्याकडे आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. नसेल तर अशा वेळी कोणते सर-मॅडम फोन उचलतात, ते तरी.

माझी गाठ पडली डामाशी, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याशी. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, अकरावा दिवस, मेंदूत मोठा रक्तस्राव. वडील कळव्याचे, रिक्षा चालवायचे. एका संध्याकाळी म्हणाले, “मॅडम, डामा देऊन टाका.” मी फॉर्म काढला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. निर्णय त्यांचा, सही त्यांची, मी मोकळी.

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, जुन्या सिस्टर शेजारीच होत्या. “आईनं बाळ बघितलंय का हो अजून?” एवढंच त्यांनी विचारलं.

बघितलं नव्हतं. टाके चिघळल्यामुळे ती अजून ऐरोलीच्या हॉस्पिटलातच होती. मग मी खुर्ची ओढून वडिलांजवळ बसले. बिलाची चिंता होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती: आपण मशीन काढा म्हटलं तर पोलीस केस होईल. घरी नेलं की जे व्हायचं ते आपोआप होईल.

पैशाचा प्रश्न आधी बाजूला काढा, हे मी तेव्हा शिकले. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. यात मदत करणाऱ्या मेडिकल सोशल वर्करना बोलवायला मला अकरा दिवस का लागले, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पोलिसांच्या भीतीवरही उत्तर होतं. जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये आखून दिला आणि 2023 मध्ये सोपा केला. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान 5 वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सुचवलेला एक डॉक्टर असतो. मत शक्यतो 48 तासांत द्यायचं. घरच्यांची संमती घ्यायची आणि अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटना कळवायचं. यातलं मला त्या संध्याकाळी काहीही माहीत नव्हतं.

आईला रुग्णवाहिकेतून आणलं आणि सगळी चर्चा पहिल्यापासून झाली. व्हेंटिलेटर काढायचा नाही, असं तिनंच सांगितलं. मात्र हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, वेदना होऊ द्यायच्या नाहीत, बाळ तिच्या अंगावर द्यायचं, असं ठरलं. हृदय थांबल्यावर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न न करण्याच्या अशा निर्णयासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती वाचून ठेवा. त्यानंतर चौथ्या दिवशी बाळ गेलं. आम्ही केलं ते बरोबरच होतं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

मोठ्या मुलांचं गणित निराळं. बारा वर्षांचं मूल “मला काय झालंय?” विचारतं आणि आई मागून हातानं खुणावते, सांगू नका. सही पालकांची, पण पोटात दुखतंय त्याच्या. मी आईला बाहेर नेऊन आधी विचारते, त्याला काय माहीत आहे असं तुम्हाला वाटतं? बहुतेक वेळा त्याला सगळं माहीत असतं.

आणि केसपेपरवर ‘नातेवाइकांना समजावलं’ एवढंच लिहू नका. कुणाला, कोणत्या भाषेत, ते काय म्हणाले, ते लिहा. त्या संध्याकाळी डामाचा फॉर्म परत ठेवून मी एवढंच लिहिलं होतं: ‘आईची बाळाशी अजून भेट झालेली नाही.’ रात्री राऊंडला सरांनी ते वाचलं आणि ऐरोलीला फोन लावला.