जुनं फ्रेंच पोस्टर घेताना आधी भिंग काढा

चित्राच्या प्रेमात नंतर पडा. मी आधी दहापटीचं भिंग लावतो. दगडावरून छापलेल्या लिथोग्राफमध्ये खडू घासल्यासारखे वेडेवाकडे कण दिसतात. ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली की ती नंतरची ऑफसेट प्रत, मग खाली ज्यूल शेरे या फ्रेंच पोस्टरचित्रकाराची सही का असेना!

तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराची मोठी पोस्टरं खिशाला झेपत नसतील, तर ‘मेत्र द लाफिश’ मालिकेतली पानं शोधा. १८९५ ते १९०० दरम्यान पॅरिसमध्ये निघालेल्या या पोस्टरांच्याच छोट्या लिथोग्राफ आवृत्त्या, साधारण २९ बाय ४० सेंटिमीटर. कोपऱ्यात शाईविना उठवलेला शिक्का असतो. उजेड तिरका धरा, लगेच दिसतो.

मागे कापड चिकटवलंय म्हणून बिचकू नका, स्वस्त कागद टिकवायला तसं करतातच. कडा छाटल्यात का, ते मात्र विचाराच. आणि फ्रेम उन्हात टांगू नका.