माइटोकॉन्ड्रियल आजारात मेंदूचा अटॅक आला तर: घरी काय करायचं, कॅज्युअल्टीत काय सांगायचं

घरात माइटोकॉन्ड्रियल आजाराचा (पेशींमधल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातच बिघाड असतो तो) पेशंट असेल तर एक गोष्ट आधीच धरून चाला, रात्री कॅज्युअल्टीत जो ड्युटी डॉक्टर भेटेल त्याने हा आजार बहुतेक पुस्तकातच वाचलेला असणार, त्याचा काही दोष नाही, आजारच तितका दुर्मिळ आहे. म्हणून पहिले काही तास बरंचसं घरच्यांवर असतं, म्हणजे उपचार डॉक्टरच करणार पण लवकर ओळखणं आणि नेमकं सांगणं हे आपलं काम.

मेलास (याच आजारांचा एक प्रकार) असलेल्यांना स्ट्रोकसारखा अटॅक येतो. डोकं प्रचंड दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांसमोर काहीतरी चमकतं किंवा एका बाजूचं दिसेनासंच होतं, बोलताना शब्द सापडत नाहीत, वागणं विचित्र होतं. घोळ इथेच होतो, घरचे मायग्रेन समजून गोळी देतात आणि अंधार करून झोपवतात. जेवताना ताटाची एकच बाजू संपतेय, दाराच्या चौकटीवर तोच खांदा परत परत आपटतोय, असं दिसलं तर थांबू नका, निघा. अजून एक फसवं लक्षण म्हणजे अंगठा किंवा ओठाचा कोपरा तासन् तास फडफडत राहतो आणि पेशंट मात्र शुद्धीत, नीट बोलतोय. तो पण झटकाच (फिट) असतो बरं का, अशक्तपणा नाही.

लहान मुलांत, खास करून ली सिंड्रोममध्ये (याच आजारांचा आणखी एक प्रकार), ताप किंवा जुलाबानंतर शिकलेलं मागे जातं, मान धरणारं मूल मान टाकतं, डोळे भलतीकडेच फिरतात. श्वास अडखळायला लागला तर सरळ ॲम्ब्युलन्स, बाकी विचार नंतर.

मोठा झटका आला तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ५ मिनिटांत थांबला नाही किंवा मधे शुद्ध न येता दुसरा आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा (झटका थांबवणारं औषध) डोस द्या, नाकातून किंवा गालात जसा शिकवला असेल तसा, आणि हॉस्पिटलला निघा. डोस घरी ठेवायला दिलेलाच नसेल तर पुढच्या व्हिजिटला मागून घ्या.

आता कागद. एक पान तयार ठेवा आणि फोनमध्ये त्याचा फोटो. त्यात आजाराचं आणि जीनमधल्या बदलाचं नाव, वजन, चालू औषधं, नेहमीच्या न्यूरोलॉजिस्टचा नंबर. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा: व्हॅल्प्रोएट देऊ नका. झटक्यांवरचं हे नेहमीचं औषध आहे, सहज हाताशी येतं, पण पीओएलजी जीनचा दोष असेल तर लिव्हर निकामी होऊन जीव जाऊ शकतो. शिरेतून बहुतेक वेळा लेव्हेटिरासिटॅमने (हेही झटक्यांवरचंच औषध) सुरुवात करतात. प्रोपोफॉलची (भूल देणारं औषध) ड्रिप जास्त वेळ चालवणं टाळतात. सलाईनमध्ये रिंगर लॅक्टेट शक्यतो नको कारण रक्तातलं लॅक्टेट (ऊर्जा नीट बनली नाही की साठणारा पदार्थ) आधीच वाढलेलं असतं, आणि पेशंट उपाशी राहू नये म्हणून ग्लुकोजवालं सलाईन लावतात. पण पायरुव्हेट डिहायड्रोजनेजची (ग्लुकोजपासून ऊर्जा काढायला लागणारं एन्झाइम) कमतरता असेल किंवा कीटो डाएट चालू असेल तर ग्लुकोजचं गणित उलटं होतं, त्यामुळे ते कागदावर स्पष्ट हवं. डायबेटिसचं मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही आठवणीने सांगा, लॅक्टेट वाढलेलं असताना ते बंद करायला लागतं.

डॉक्टरांशी भांडू नका, एवढंच म्हणा, "स्ट्रोकसारखा एपिसोड असू शकतो, आत झटके चालू असतील, ईईजी होईल का?" ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी. खरा स्ट्रोक नाही ना हे त्यांना बघावंच लागतं, ते बघू द्या. शुगर, लॅक्टेट, ईसीजी आणि एमआरआय होईल. एमआरआयमधला डाग कुठल्याही एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नाही, त्यावरून अनुभवी डॉक्टर ओळखतात.

आर्जिनिनबद्दल (एक अमिनो आम्ल, या अटॅकवर औषध म्हणून देतात) इंटरनेटवर वाचून लोक हट्ट धरतात. काही तज्ज्ञ ते शिरेतून लवकरात लवकर द्यायचं म्हणतात, तर २०१९ च्या युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत त्याची शिफारसच नाही, भर सगळा झटके पटकन थांबवण्यावर आहे. मला हे दुसरं जास्त पटतं. आर्जिनिनची वाट बघत झटक्याचं औषध लांबवू नका म्हणजे झालं.

पोटाकडे कोणाचं लक्ष नसतं. पोट फुगलंय, शौचाला झालेली नाही, उलट्या होतायत, तर आतडं सुस्तावलेलं असू शकतं आणि मग तोंडाने दिलेली झटक्याची गोळी नीट शोषलीच जात नाही, हे आपणहून सांगा.

बाहेरचे झटके थांबले तरी गोंधळलेपणा टिकून असेल तर ईईजी परत करायची विनंती करा, आतल्या आत चालू असू शकतं. डिस्चार्जच्या वेळी बदललेले डोस त्याच कागदावर चढवा आणि वापरलेल्या मिडाझोलामच्या जागी नवीन लिहून घ्या.