लवंग : निवड, प्रमाण आणि वापर

बेळगावच्या रविवार पेठेत वर्षाच्या मसाल्याची खरेदी करताना लवंग नखाने दाबून पाहावी. नखाला तेलाचा ओलसरपणा जाणवला, तर माल चांगला समजावा. तेल काढून घेतलेली लवंग पाण्यात आडवी तरंगते, तर कसदार लवंग बुडते किंवा उभी राहते.

लवंग ही मूळच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवरील झाडाची, उमलण्यापूर्वी खुडून वाळवलेली कळी असून तिचा वास आणि जिभेला येणारा बधिरपणा तिच्या तेलातील युजेनॉल या घटकामुळे असतो. २ ग्रॅम पुडीतून मँगनीज या खनिजाची दिवसाची सुमारे निम्मी गरज भागते. परंतु एवढी लवंग एका जेवणात कोण खातो? त्यामुळे तिला पोषणाचा मुख्य आधार मानणे योग्य नव्हे.

चार माणसांच्या मसालेभाताला ३-४ लवंगा पुरतात. त्या मंद आचेवर तेलात टाकाव्यात आणि फुगताच तांदूळ परतावा, कारण करपलेली लवंग सारा भात कडवट करते. बेळगावी बासमतीचा स्वतःचा सुगंध राखायचा असल्यास दोनच घालाव्यात. कांदा-लसूण मसाल्यासाठी लवंग मिरचीपासून वेगळी भाजावी. पुडीचा वास लवकर उडतो, म्हणून लवंग अख्खीच साठवावी. लवंगेचे तेल मात्र लहान मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये.