प्लेट कोरी आली म्हणून माल शुद्ध ठरत नाही: माध्यम बनवताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीतील एका प्रयोगशाळेत आम्ही कोळंबीचे नमुने तपासत होतो आणि लागोपाठ सगळ्या टीसीबीएस प्लेट (व्हिब्रिओ गटातील जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या, म्हणजे त्यांच्या खाद्याच्या, बशा) कोऱ्या येत होत्या. माल चांगला आहे असे समजून अहवालही लिहायला घेतले. पण ओळखीचे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हे विषबाधा करणारे जिवाणू त्याच पद्धतीने वाढवून पाहिले, तेव्हा तेही उगवेना. शोध घेतला तर अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये (नमुन्यातले जिवाणू प्लेटवर लावण्याआधी वाढवायच्या द्रवात) मीठच घालायचे राहून गेले होते. हा जिवाणू समुद्राचा. मिठाशिवाय तो वाढतच नाही. म्हणून त्याच्यासाठीच्या या द्रवात दोन ते तीन टक्के मीठ हवे, आणि नमुना पातळ करायचे पाणीही खारे हवे. 1950 मध्ये ओसाकात लहान मासळी खाऊन झालेल्या विषबाधेत हाच जिवाणू प्रथम सापडला, तेव्हा कोकणात त्याची तपासणी चुकणे आपल्याला परवडणारे नाही.

चूक बंदरापासूनही सुरू होते. मीरकरवाड्याहून कोळंबी बर्फात येते, म्हणून तपासणीचा नमुनाही थेट बर्फात दाबला जातो. परंतु व्हिब्रिओला अतिथंडी सोसत नाही, त्यामुळे नमुना पिशवीत बंद करून, बर्फाचा स्पर्श न होऊ देता, साधारण 7 ते 10 अंशांवर आणावा.

सगळीच माध्यमे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) लावणे ही दुसरी मोठी चूक आहे. प्लेट काउंट अगार 121 अंशांवर 15 मिनिटे निर्जंतुक करतात, पण टीसीबीएस, एक्सएलडी आणि व्हायोलेट रेड बाइल अगार केवळ उकळून विरघळवायचे असतात. जास्त तापले की त्यांतील नको ते जिवाणू रोखणारे घटक बिघडतात आणि वसाहतींचे (प्लेटवर उगवलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांचे) रंग फसवे होतात. टीसीबीएसवर पिवळी वसाहत कॉलऱ्याच्या जिवाणूची आणि हिरवी पॅराहिमोलिटिकसची असू शकते; मात्र रंग ही केवळ शंका असते, तिची खात्री पुढील चाचण्यांनी करावी लागते.

पावसाळ्यात माध्यमाच्या भुकटीची बाटली उघडी राहिली की ती दमट हवा शोषून गोळे धरते. असे गोळे फोडून वजन केले तर भुकटीबरोबर पाणीही तोलले जाते आणि माध्यम पातळ पडते. गोळे धरलेली बाटली टाकूनच द्यावी.

कोकमाच्या आगळाची गोष्ट निराळी. त्यात आम्लही तीव्र आणि मीठही भरपूर, त्यामुळे साल्मोनेला हा जिवाणू शोधण्यासाठी 25 ग्रॅम नमुना 225 मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये मिसळल्यावर पीएच न मोजता इनक्युबेटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या उबदार पेटीत) ठेवू नये. तो आम्लाकडे झुकला असेल, तर निर्जंतुक सोडियम हायड्रॉक्साइडने सावरावा. आम्ल सोसणारे जिवाणू शोधायचे असतील तर 5.5 पीएचचे ऑरेंज सीरम अगार घ्यावे, आणि ते पुन्हा पुन्हा वितळवू नये, कारण आम्लात तापलेले अगार घट्ट बसत नाही.

माध्यमाच्या प्रत्येक नव्या घाण्याबरोबर एका प्लेटवर ओळखीचा जिवाणू लावावा आणि एक प्लेट काहीही न लावता ठेवावी. पहिलीवर वाढ आणि दुसरी कोरी दिसेपर्यंत अहवालावर सही करू नये.