कंपनीचा पैसा आणि ओपन सोर्स हार्डवेअर: करारावर सही करण्याआधी या चुका टाळा

सॉफ्टवेअर प्रकल्पातून प्रायोजक कंपनी बाहेर पडली, तर कोड फोर्क करून, म्हणजे त्याची वेगळी प्रत काढून, काम पुढे नेता येतं. ओपन सोर्स हार्डवेअरचं, म्हणजे ज्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं असतं अशा उपकरणांचं, तसं नाही. सर्किटच्या फाइल्स सगळ्यांकडे असतात, पण बोर्डाचं नाव, टेस्ट जिग (तयार बोर्ड तपासायचा साचा), कारखान्यातलं खातं, यूएसबी आयडी (ज्यावरून संगणक उपकरण ओळखतो तो क्रमांक) आणि रेडिओचं प्रमाणपत्र बहुतेकदा पैसे देणाऱ्याच्याच ताब्यात असतं. प्रकल्प अडतो तो इथे. म्हणून करार वाचताना लायसन्सइतकंच लक्ष या वस्तूंकडे द्या.

नावाची नोंदणी मागाहून करणं

हार्डवेअर लायसन्स डिझाइन वापरायची परवानगी देतं, नाव वापरायची नाही. आर्डुइनो या लोकप्रिय खुल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. संस्थापकांपैकी एकाच्या उत्पादक कंपनीने इटलीत ट्रेडमार्क स्वतःच्या नावावर नोंदवला होता. २०१५ मध्ये वाद चव्हाट्यावर आला आणि दुसऱ्या गटाला अमेरिकेबाहेर ‘जेन्युइनो’ या नव्या नावाने बोर्ड विकावे लागले. समेट व्हायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. एवढा काळ डिझाइन मात्र दोघांनाही खुलंच होतं!

पहिला बॅच कारखान्यात जाण्याआधी नाव प्रकल्पाच्या संस्थेच्या किंवा प्रकल्पाचे पैसे सांभाळणाऱ्या यजमान संस्थेच्या नावे नोंदवा. तयार इलेक्ट्रॉनिक बोर्ड ट्रेडमार्कच्या वर्ग ९ मध्ये येतात. सोबत एक पानभर धोरण लिहा: ‘अमुकशी सुसंगत’ असं कोणीही छापू शकतो, नुसतं ‘अमुक’ छापायचं तर प्रकल्पाने ठरवलेली चाचणी पास व्हायला हवी.

समितीतल्या जागा नुसत्या मोजणं

‘सात जणांच्या समितीत एका कंपनीचे जास्तीत जास्त दोघं’ हा नियम वाचायला बरा वाटतो. आता त्यातल्या दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं असं धरा. सातपैकी चार जागा एकाच मालकाकडे, म्हणजे बहुमत गेलं. नऊ जागा आणि कमाल दोन ठेवल्या तर विलीनीकरणानंतरही चारच होतात, बहुमताला एक कमी.

तरीही तीन कलमं हवीतच. नोकरी बदलली की सदस्याने १४ दिवसांत कळवायचं. मर्यादा ओलांडली गेली तर ६० दिवसांत जादा जागा रिकाम्या करायच्या. कंत्राटावर किंवा अनुदानावर काम करणाराही त्याच कंपनीच्या खात्यात मोजायचा. हे तिसरं कलम सर्रास राहून जातं आणि पळवाट तिथूनच निघते.

रिपॉझिटरी (फाइल्सचं सार्वजनिक भांडार) भरली म्हणजे प्रकल्प खुला झाला असं समजणं

आम्हाला सगळ्यात घातक वाटते ती ही चूक. गर्बर (कारखान्याला बोर्ड छापायला लागणाऱ्या फाइल्स) आणि पीडीएफ टाकून काम भागत नाही. ओपन सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येप्रमाणे बदल करण्याजोग्या मूळ फाइल्स द्याव्या लागतात: कीकॅड या सर्किट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली स्कीमॅटिक, लेआउट, लायब्ररी. सुटे भाग लिहिताना ‘१० मायक्रोफॅरड कपॅसिटर’ एवढंच नको. उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर, व्होल्टेज, डायइलेक्ट्रिक आणि निदान एक पर्यायी भाग लिहा.

त्यानंतर जिग. पोगो पिनच्या (बोर्डाला टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पिनांच्या) जागा, फिक्स्चरचं ड्रॉइंग, टेस्ट फर्मवेअरचा सोर्स, आणि पास-फेलच्या मर्यादा. मर्यादा नसतील तर बाकीच्याचा काही उपयोग नाही. ३.३ व्होल्टच्या रेलवर (वीजपुरवठ्याच्या वाहिनीवर) ३.२१ आलं तर बोर्ड पास की फेल, हे दुसऱ्या कारखान्याला कसं कळणार? हा आकडा बऱ्याचदा प्रायोजकाच्या टेस्ट इंजिनिअरच्या एक्सेल शीटमध्येच राहतो आणि तो इंजिनिअर गेला की हरवतो.

प्रायोजक स्वतःची चिप फुकट देत असेल तर जास्तच जपा. डेटाशीट गुप्ततेच्या कराराखाली असेल तर ती चिप मूळ डिझाइनमध्ये घेऊ नका. सर्न ओएचएल या सर्न प्रयोगशाळेच्या हार्डवेअर लायसन्सच्या २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘उपलब्ध घटक’ ही संकल्पना आहे: भाग इतरांनाही मिळवता आला पाहिजे आणि वापरण्यापुरती माहिती खुली असली पाहिजे. लायसन्सचा ‘एस’ प्रकार (डिझाइनमधले बदलही त्याच लायसन्सखाली खुले करायला लावणारा) निवडला असेल आणि चिप या कसोटीत बसत नसेल, तर बोर्ड बनवणारा प्रत्येकजण अडचणीत येतो.

योगदान घेताना कॉपीराइट कंपनीच्या नावावर करून देणारा करार लावू नका. तो असला की कंपनी पुढची आवृत्ती बंद लायसन्सखाली काढू शकते. प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ, म्हणजे हे काम देण्याचा हक्क आपल्याला आहे अशी योगदान देणाऱ्याची ग्वाही, पुरते.

सगळा भार एका खांद्यावर

चिप बनवणाऱ्या हौशी लोकांना स्वस्तात फॅबपर्यंत (चिपच्या कारखान्यापर्यंत) नेणारी एफॅबलेस कंपनी २०२५ मध्ये निधीअभावी बंद पडली. तिच्यामार्फत चिप पाठवणाऱ्या टायनी टेपआउट या अनेकांची छोटी डिझाइन्स एका चिपवर बनवून देणाऱ्या प्रकल्पाला दुसरी वाट शोधावी लागली. पैसे सांभाळणाऱ्या संस्थेचीही खात्री नसते: ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला आणि त्यांच्याकडे निधी ठेवणाऱ्या प्रकल्पांना नवा यजमान शोधावा लागला.

सहा महिन्यांचा स्थिर खर्च राखीव ठेवा. कारखान्याला दिलेली आगाऊ रक्कम आणि न विकलेला स्टॉक या राखीव निधीत धरू नका. गरजेच्या वेळी ते पैसे हाती नसतात.

बिघाड सुरू झाला हे कसं ओळखायचं

मागच्या सहा महिन्यांतल्या मर्ज रिक्वेस्ट (बदल मूळ डिझाइनमध्ये घेण्याच्या विनंत्या) काढा आणि प्रायोजकाच्या व बाहेरच्या लोकांच्या बदलांना लागलेला वेळ वेगवेगळा मोजा. मध्यक घ्या, सरासरी नको. एखादी वर्षभर रखडलेली रिक्वेस्ट सरासरी बिघडवते. एका बाजूला दोन दिवस आणि दुसऱ्या बाजूला दोन महिने दिसले, तर निर्णय कंपनीच्या अंतर्गत चॅटमध्ये होताहेत असा संशय घ्यायला जागा आहे. अशा वेळी पिनआउट (कोणत्या पिनवर काय जोडलंय ती मांडणी), कनेक्टर किंवा बोर्डाच्या मापात बदल असेल तर १४ दिवस जाहीर चर्चेशिवाय मर्ज नाही, हा नियम ताबडतोब लावा. या तीन गोष्टी बदलल्या की लोकांचे जुने जोडबोर्ड निकामी होतात.

प्रायोजकाने पाय काढता घेतला तर चालू रिव्हिजन गोठवून टॅग करा आणि मूळ करारातलं हस्तांतराचं कलम काढा. त्यात डोमेन, कारखान्यातलं खातं, स्टॉक आणि प्रत्यक्ष जिग ३० दिवसांत सोपवायची अट असायला हवी. यूएसबीचा व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक) कंपनीचा असेल तर तो सोबत येत नाही. पीआयडी डॉट कोड्स या संकेतस्थळाकडे ओपन सोर्स प्रकल्पांना प्रॉडक्ट आयडी (उत्पादनाचा क्रमांक) मोफत मिळतो, तो सुरुवातीलाच घेऊन ठेवा. रेडिओ प्रमाणपत्रही अर्जदाराच्या नावावर निघतं, म्हणून शक्य तिथे आधीच प्रमाणित झालेलं मॉड्यूल वापरा. नवीन उत्पादकाला अँटेनापासून सगळी चाचणी नव्याने करावी लागत नाही. पूर्ण बोर्डाच्या उत्सर्जनाची चाचणी मात्र त्याला करावीच लागेल, तिचा खर्च अंदाजपत्रकात धरा.